धास्तीनंतरचा निवांतपणा ओळखायला शिका

(कृष्णाकाठच्या गावांतील ऊस, द्राक्ष व दूध उत्पादकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'पावसाळ्यापूर्वी जनावरांची काळजी' असा विषय छापला आहे. त्यावर मी शेवटी थोडे बोलेन. त्याआधी मालकाच्या काळजीविषयी बोलण्याची परवानगी संयोजकांकडून मागून घेतली आहे. गेली पाच-सहा वर्षे नदीकाठच्या गावांत गोठ्यावर गेलो की म्हशीची तक्रार दहा मिनिटांत संपते. मग मालक मला वाटेला लावायला बाहेर येतो आणि हळूच म्हणतो, "डॉक्टर, म्हशीचं झालं, पण मलाच झोप न्हाई." मी जनावरांचा डॉक्टर. माणसांना औषध देण्याचा मला अधिकार नाही. परंतु ही धास्ती मी स्वतः दोन-अडीच वर्षे भोगली आहे. तिच्यातून बाहेर पडताना जी गोष्ट सर्वांत अवघड गेली, ती मला आधी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. ती अशी की, बऱ्याच दिवसांनी शरीर निवांत होऊ लागते तेव्हा त्या निवांतपणाचीच भीती वाटते.

आपल्या भागाला धास्तीची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा असा पूर पुन्हा आपल्या हयातीत येत नाही असे आम्ही समजून चाललो. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला लोकांना सुरक्षित जागी नेणारी बोट उलटली. ते दुःख या पंचक्रोशीला सांगायला नको. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस लांबला आणि ज्या द्राक्षबागांनी पुराचे पाणी पाहिलेही नव्हते त्यांत डाऊनी शिरला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. दोन वर्षांत दोनदा घर रिकामे केलेल्या माणसाला 'काळजी करू नका' असे सांगणे म्हणजे त्याची चेष्टा करणे होय. मी ती करणार नाही.

माझी स्वतःची हकिकत थोडक्यात सांगतो. आमचे घर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. २०१९ मध्ये दोन गाई आणि एक म्हैस घेऊन आम्ही वरच्या गावातील शाळेच्या पटांगणात पंधरा दिवस काढले. परत आल्यावर गाळ उपसला, भिंती धुतल्या, पंचनामे झाले, गोठा उभा राहिला. सर्व पूर्ववत झाले असे लोक म्हणू लागले. मी मात्र रोज रात्री दोनच्या सुमारास उठून बॅटरी घेऊन घाटापर्यंत जात असे. पावसाळ्यात गेलो असतो तर कोणी काही म्हटले नसते. मी एप्रिलमध्येही जात होतो, पात्रात खडक उघडे पडलेले असताना. जबडा आवळलेला, पोटात गोळा, हाताचे तळवे गार, आणि पत्र्यावर दोन थेंब वाजले तरी छातीत धडधड. शेवटी घरच्यांच्या आग्रहाने मिरजेत मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. औषध सुरू झाले. त्याचा गुण दिसायला महिना-दीड महिना लागतो असे त्यांनी आधीच सांगितले होते, आणि तसेच झाले. हळूहळू झोप लागू लागली.

येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची ठाऊक नसते. एका संध्याकाळी धार काढून झाल्यावर मी गोठ्याच्या कट्ट्यावर टेकलो होतो. गाई बसून रवंथ करीत होत्या. माझे खांदे आपोआप खाली आले, एक लांब जांभई आली, हाताचे तळवे गरम झाले. कित्येक महिन्यांनी शरीर सैल झाले होते. आणि त्याच क्षणी मनात वीज चमकावी तसे झाले : काहीतरी विसरलो! मोटार चालू राहिली काय? मुलाचा फोन आला नाही काय? नदी? मी ताडकन उठलो आणि घरभर फिरून आलो. काहीही विसरलेले नव्हते. असे आठवड्यात तीन-चारदा होऊ लागले. जरा बरे वाटले की उठायचे. तेव्हा आमच्या मंडळी म्हणाल्या, "गाय बसून रवंथ करायला लागली की तुम्ही म्हणता, आता बरी हाय. आणि स्वतः जरा टेकलात की म्हणता, काहीतरी चुकलंय."

तीस वर्षे पशुवैद्यक करून ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

आता यामागचे शास्त्र पाहू. धोका दिसला की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींतून ॲड्रेनलीन रक्तात उतरते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्त पोटाकडून व कातडीकडून मोठ्या स्नायूंकडे वळते, तोंड कोरडे पडते, पचन थांबते. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ही तयारी उत्तमच आहे. धोका टळल्यावर मज्जासंस्थेचा दुसरा भाग काम हाती घेतो. ठोके कमी होतात, लाळ सुटते, आतडी हलू लागतात, हातापायांत ऊब येते. निरोगी माणसात ही अदलाबदल दिवसातून अनेकदा होते. परंतु धोका वर्षानुवर्षे टांगता राहिला तर पहिली अवस्थाच शरीराला नेहमीची वाटू लागते आणि दुसरी परकी. परक्या माणसावर कुत्रे भुंकते, त्यातलाच हा प्रकार.

शरीर सैल सोडण्याचा सराव करताना काहींची भीती उलट वाढते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या दशकातच नोंदवून ठेवले आहे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील मिशेल न्यूमन यांनी सँड्रा लेरा यांच्यासह २०११ मध्ये त्याचे एक कारण मांडले. सतत काळजी करणाऱ्याला काळजीपेक्षा अचानक बसणारा धक्का अधिक नकोसा असतो. निवांत असताना वाईट बातमी आली तर उंचावरून पडल्यासारखे होते. म्हणून तो आधीपासूनच खाली बसून राहतो. मला हे वाचताच पटले. २०१९ मध्ये पाणी वाढले त्या रात्री मी गाढ झोपलो होतो, आणि त्या झोपेचा मी पुढे दोन वर्षे स्वतःला दंड करीत होतो.

पण माझ्या जागरणाने नदीचे पाणी एक बोटभरही कमी झाले नाही. छाती हे पाणीपातळी मोजण्याचे साधन नव्हे. तिने एप्रिलमध्येही धोक्याची घंटा वाजविली आणि जुलैमध्येही, तेव्हा अशा घंटेवर भिस्त ठेवून काय उपयोग?

जनावरांकडे पाहा. गाईचा पान्हा सुटायला ऑक्सिटोसिन लागते. धारेच्या वेळी कुत्रे अंगावर आले किंवा कोणी ओरडले तर ॲड्रेनलीन त्याला अडविते आणि गाय पान्हा चोरते. तिला मारून पान्हा सुटत नाही, हे आपण सर्व जाणतो. रोजची वेळ, रोजचा माणूस, कोमट पाण्याने कास धुणे, थोडी पेंड. एवढे करून वाट पाहावी लागते. शाळेच्या पटांगणात आमच्या म्हशीने जवळजवळ आटल्यासारखे केले होते. घरी आल्यावरही पाइपने गोठा धुताना पाण्याचा आवाज झाला की ती दावे ताणून उभी राहायची. प्रथम तिची रवंथ परतली, मग ती पाय दुमडून बसू लागली, आणि दूध त्यानंतर, वाढत वाढत, तीन आठवड्यांनी आले. एवढे दिवस मी तिला दिले. स्वतःला मात्र एका रात्रीत बरे व्हायला सांगत होतो.

निरोगी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते, आणि गोठ्यात पाऊल टाकताच आपण प्रथम तेच पाहतो. माणसालाही तशीच लक्षणे असतात, फक्त ती पाहण्याची सवय नसते. श्वास छातीत न अडकता पोटापर्यंत जातो व बाहेर पडताना लांबतो. आपोआप सुस्कारा किंवा जांभई येते. तोंडात लाळ येते, पोटात गुडगुडते, चांगली भूक लागते. तळवे व पाय गरम होतात. दातांवर दात दाबलेले नसतात. नजर एका जागी खिळत नाही. दूरचा आवाज, शेजारचे बोलणे, भाकरीचा वास हे सर्व आपोआप जाणवू लागते. यातली सर्व एकदम दिसतील असे नाही. दोन दिसली तरी पुरे. ती दिसली की मनात त्यांना नाव द्यावे : 'हात गरम झाले', 'सुस्कारा आला'. अधिक काही करावयाचे नाही.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. बसलेली प्रत्येक गाय निवांत नसते. व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत दुग्धज्वर झालेली गायही शांत बसते. मान पोटाकडे वळवून, हूं की चूं न करता. नवखा माणूस फसतो. जाणता माणूस कान हातात धरतो. ते गार लागतात. नाकपुडी कोरडी असते, रवंथ बंद असते. ही शांतता कॅल्शियम उतरल्याची आहे, आणि वेळीच सलाइन लावले नाही तर गाय दगावते. माणसांतही अशी खोटी शांतता असते. पाहुणे येवोत, बाग जावो, सभासदाचा दाखला येवो, काहीच वाटत नाही. जेवणाला चव नाही, माणसांत बसवत नाही, डोळे पाणावतही नाहीत. हा निवांतपणा समजू नये. हे सुन्नपण आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. दारूने येणारी शांतताही याच जातीची. ती झोप आणते व पहाटे तीनला घाम फोडून उठविते. मिश्री व तंबाखूने डोके हलके झाल्यासारखे वाटते, पण हृदयाचे ठोके वाढतात. खरा निवांतपणा आलेल्या माणसाचे कान गरम असतात, एवढे लक्षात ठेवले तरी चालेल.

सराव कसा करावा, हे मला ज्या रीतीने शिकविले गेले तसे सांगतो. जागा व वेळ ठरवून घ्यावी. मला धारेनंतरची वेळ सोयीची पडली. द्राक्षवाल्यांना सकाळची फवारणी आटोपून, अंघोळ करून बसता येईल. पाठीला टेकू घ्यावा. श्वास नेहमीसारखा आत घ्यावा आणि सोडताना लांबवावा. आत घेताना चार आकडे मोजले तर सोडताना सहा. श्वास बाहेर जाताना हृदय किंचित मंदावते, त्याचा फायदा मिळतो. पाच मिनिटे पुरतात. ज्यांना श्वासाकडे लक्ष दिल्याने उलट घाबरे होते (अशी माणसे असतात, त्यात कमीपणा नाही) त्यांनी विळ्याची मूठ घट्ट आवळावी तशी हाताची मूठ पाच-सात सेकंद आवळावी आणि सोडावी. मग खांदे, मग जबडा. शिकागोच्या एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी ही रीत बसविली व १९२९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे शवासन आहेच, तेही चालेल. आवळलेले आणि सोडलेले यांतला फरक हाताला कळला पाहिजे, इतकाच हेतू.

आता मुख्य भाग. शरीर सैल होताच 'काहीतरी चुकलंय' असे वाटेल. वाटू द्यावे. उठू मात्र नये. घड्याळ पाहून फक्त दोन मिनिटे तसेच बसावे. छाती धडधडेल, आणि बहुधा तेवढ्यातच उतरूही लागेल. मी पहिल्या दिवशी अर्धे मिनिटही बसलो नव्हतो. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटे, महिन्याने दहा. दरवेळी बसून राहिले आणि काही बिघडले नाही, असे पुष्कळदा घडल्याशिवाय शरीराला ते पटत नाही. तोंडाने सांगून पटत नाही, हेही मी करून पाहिले आहे. मध्येच वळिवाचा एखादा पाऊस झाला की चार दिवस पुन्हा पहिल्यासारखे होते. नवीन लावलेले कलम पहिल्या उन्हात माना टाकते तेव्हा आपण ते उपटून टाकीत नाही. येथेही तसेच धरावे.

तुम्ही म्हणाल, नदी तर खरीच आहे. आहेच. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे उदाहरण घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप होऊन सुमारे दोनशे माणसे दगावली. त्या पट्ट्यात लहान धक्के आजही बसतात. तेथे 'पुन्हा धक्का बसणार नाही' अशी हमी कोणी देऊ शकत नाही. हमी मिळाल्यावरच झोपायचे असे ठरविले असते तर त्या खोऱ्यात तीन पिढ्या जाग्या राहिल्या असत्या. निवांत बसणे म्हणजे धोका संपला असे मानणे नव्हे. या घटकेला शरीराला पळायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पहाऱ्याचे काम छातीकडून काढून घ्यायचे तर ते दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावे लागते. पावसाळ्यात पाटबंधारे विभाग व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष पुलांवरील पाणीपातळी आणि कोयनेतून सोडलेला विसर्ग जाहीर करतात. तो सकाळी एकदा व रात्री जेवणापूर्वी एकदा पाहावा. इशारा असेल तेव्हा अधिक वेळा. रात्रभर व्हॉट्सॲपवर मागच्या पुराचे व्हिडिओ पाहू नयेत, त्यात पाणी कधीच उतरत नाही. आम्ही गोठ्याच्या भिंतीवर तेलरंगाने तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत : आयर्विनला किती फूट झाले की वैरण व पेंड माळ्यावर, किती झाले की जनावरे सोडायची, किती झाले की घराला कुलूप. प्रत्येक गावाची खूण निराळी असते. आपली खूण २०१९ च्या अनुभवावरून घरातील सर्वांनी बसून ठरवावी. ती भिंत रंगविल्यापासून माझी रात्रीची घाटावरची फेरी बंद झाली. निर्णय आधीच झालेला होता. आकडा आला की उठायचे, तोवर झोपायचे.

द्राक्ष बागायतदारांनी एक गोष्ट नीट ऐकावी. फवारणीनंतर काही तासांत घाम, मळमळ, लाळ सुटणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे असे झाले तर त्याला धास्ती म्हणून सोडून देऊ नये. ती कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. मघाशी लाळ सुटणे हे निवांतपणाचे लक्षण सांगितले, ते तोंड ओलसर राहण्यापुरते. लाळ गळू लागली तर ती गोष्ट वेगळी. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाच्या डब्याचे लेबल बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. तसेच छातीत दाब, डाव्या हातात कळ, दम लागणे यांची तपासणी आधी हृदयाच्या अंगाने व्हावी. थायरॉइडचा विकार, रक्तातील साखर उतरणे, रक्त कमी असणे यांमुळेही धडधड होते. म्हणून पहिली फेरी नेहमीच्या डॉक्टरांकडे. तेथे काही निघाले नाही आणि काळजी सहा महिन्यांहून अधिक काळ रोजची झाली असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत, त्यांची सवय लागते. सुरू केलेले औषध बरे वाटताच आपल्या मनाने बंद करू नये. मी एकदा केले आणि महिनाभर मागे गेलो. फोनवर बोलायचे असेल तर १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा विनामूल्य क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, रात्रीही उचलतात आणि मराठीत बोलतात. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर उद्यावर ढकलू नका, आजच घरात कोणाला तरी सांगा आणि हा क्रमांक लावा.

घरच्या माणसांना एक विनंती. तो टेकला असेल तेव्हा त्याला कामाची आठवण करून देऊ नका. 'बरं वाटतंय का' असे दर घडीला विचारूही नका. आपली गाय रवंथ करीत असते तेव्हा आपण तिच्या अंगावरून मुकाट्याने हात फिरवून पुढे जातो.

आता पत्रिकेतला विषय. घटसर्प व फऱ्याची लस पाऊस सुरू होण्यापूर्वी, मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात टोचून घ्यावी. लम्पीची लसही चुकवू नये, पण ती कधी द्यावी ते आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. दुभत्या जनावरांच्या कानातील बिल्ल्यांचे क्रमांक घरातील वहीत लिहून ठेवावेत. स्थलांतरात व भरपाईच्या वेळी ते लागतात. सुकी वैरण उंचावर रचावी, भिजून बुरशी आलेली घालू नये. बाकीचे पत्रकात छापले आहे. प्रश्न चहानंतर घेऊ. ज्यांना सर्वांसमोर विचारायचे नसतील त्यांनी मागे गोठ्याच्या प्रदर्शनापाशी यावे, मी पाचपर्यंत तेथेच बसलेला असेन.